तळाची रेघ : धेंपो क्लब कसा उतरला, कसा चढला आणि का थांबला

२०१७ साली फेरान कोरोमिनास हा स्पॅनिश खेळाडू एफसी गोवा संघाकडून खेळायला मडगावला आला, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. या वयात युरोपातले फुटबॉलपटू निवृत्तीच्या गोष्टी करू लागतात. ‘कोरो’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गड्याने इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात १८, दुसऱ्यात १६ आणि तिसऱ्यात १४ गोल केले. फातोर्ड्याच्या मैदानावर त्याच्या नावाचा गजर होई. पण बार्सिलोना शहरात त्याची आठवण निघते ती एका वेगळ्याच गोलासाठी, आणि तो गोल विजेतेपदाचा नव्हता.

एस्पान्योल हा बार्सिलोनातला दुसरा क्लब. १९०० साली स्थापन झालेला, आणि कायम एका फार मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत वाढलेला. २००५–०६ च्या मोसमात या क्लबाने स्पेनचा राजचषक जिंकला, अंतिम सामन्यात सारागोसाचा ४–१ असा पराभव केला. त्या चारांतला एक गोल कोरोचा. मात्र चषकाची मिरवणूक संपते न संपते तोच लक्षात आले, की लीगच्या गुणतक्त्यात हाच संघ तळाशी गटांगळ्या खातो आहे. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत वीस संघ असतात आणि मोसमाअखेर शेवटचे तीन संघ दुसऱ्या श्रेणीत जातात. मे २००६ मधला शेवटचा सामना रेआल सोसिएदादशी होता. नव्वद मिनिटे संपली, गोलफलक कोराच. बरोबरी झाली असती तर एस्पान्योल खाली गेला असता. जादा वेळेत कोरोने गोल केला. एस्पान्योल ४१ गुणांवर सुटला आणि ३९ गुणांचा आलावेस बुडाला. पुढच्याच वर्षी एस्पान्योल युएफा चषकाच्या अंतिम सामन्यात होता. ज्या आलावेसला खाली जावे लागले, तो संघ पाचच वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, याच चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलकडून ५–४ असा हरला होता.

हाच कोरो गोव्यात तीन मोसम खेळला. त्या तीन मोसमांत त्याच्या संघाला किंवा प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणालाही खाली जाण्याची भीती नव्हती. ज्या लीगमध्ये तो खेळत होता तिला तळ होता, पण तळाची रेघ नव्हती. शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. आणि त्याच गोव्यात, कोरो येण्याच्या दोन वर्षे आधी, पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला क्लब त्या रेघेखाली गेला होता. हा लेख त्या क्लबाविषयी, म्हणजे धेंपो स्पोर्ट्स क्लबविषयी आहे.

आमच्या मानवत-परभणीकडे खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. त्यामुळे ‘रेलिगेशन’ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. मराठी वर्तमानपत्रे त्याला ‘पदावनती’ म्हणतात. शब्द कचेरीतला आहे आणि अर्थही जवळपास तोच. लीग ही एकावर एक रचलेल्या श्रेणींची उतरंड असते. वरच्या श्रेणीतले तळाचे संघ दरवर्षी खाली उतरतात, खालच्या श्रेणीतले पहिले संघ वर चढतात. आयपीएलमध्ये असे काही नसते; तिथे शेवटचा आलेला संघ पुढच्या लिलावात पुन्हा त्याच मानाने बसतो. रणजी करंडकात मात्र ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ अशी विभागणी आहे, तेव्हा क्रिकेटवाल्यांनाही ही कल्पना अगदीच परकी नाही.

ही रीत इंग्लंडमध्ये रुजली, तीही एका लबाडीतून. सुरुवातीला वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ यांच्यात चाचणी सामने होत. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली या दोघांनाही वरच्या श्रेणीत राहण्यासाठी फक्त बरोबरी पुरेशी होती. दोन्ही संघ मैदानात उतरले आणि कुणीही गोलाकडे चेंडू मारायचा नाही अशा थाटात खेळले. सामना ०–० सुटला. त्यानंतर चाचणी सामने बंद झाले आणि गुणतक्त्यातल्या जागेनुसार आपोआप चढउतार सुरू झाला. स्पेनची लीग १९२९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आजवर पहिल्या श्रेणीतून कधीच न उतरलेले क्लब तिथे तीनच आहेत : रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक. बाकी सगळ्यांनी कधी ना कधी ती पायरी उतरलेली आहे. त्यामुळे उतरणे हा तिथे कलंक नसतो. दुःख असते, घाटा असतो, पण पुन्हा वर येण्याचा रस्ता नियमातच लिहिलेला असतो.

आता गोव्याकडे येऊ.

गोव्यातल्या फुटबॉलची दोन मुळे आहेत. एक गावचे. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात, चर्चच्या पटांगणात, वाड्यावाड्यांत रंगणारे सामने. दुसरे खाणीचे. लोहखनिजाच्या निर्यातीतून उभ्या राहिलेल्या घराण्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फुटबॉलला आश्रय दिला. वास्कोचा साळगावकर क्लब १९५६ चा, धेंपो १९६० च्या दशकाच्या शेवटचा. सेझाने पुढे, १९९९ मध्ये, अकादमी काढली. ज्या धेंपो समूहाचा हा क्लब, त्याच समूहाचे ‘नवप्रभा’ हे पणजीचे मराठी दैनिक १९७० पासून निघते. गोव्यात मराठी वाचणारा आणि फुटबॉल पाहणारा माणूस एकच असू शकतो, याची कल्पना घाटावरच्या आपल्यासारख्यांना सहसा नसते.

राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. गोव्याला पहिले विजेतेपद साळगावकरने १९९८–९९ मध्ये मिळवून दिले. पण खरा काळ गाजवला तो धेंपोने. आर्मांद कुलासो हे त्यांचे प्रशिक्षक. बाहेरचा मोठा प्रशिक्षक आणायचा, दोन वर्षांत हाकलायचा, पुन्हा नवा आणायचा, या भारतीय क्लबांच्या खोडीला धेंपोने थारा दिला नाही. कुलासो तेरा वर्षांच्या आसपास तिथे राहिले. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा ही गोमंतकीय फळी वर्षानुवर्षे एकत्र खेळली, तिला बेटो या ब्राझिलियन मधल्या फळीच्या खेळाडूची आणि रँटी मार्टिन्स या नायजेरियन आघाडीवीराची जोड मिळाली. रँटीने २०११–१२ च्या एका मोसमात ३२ गोल केले.

त्या यशाच्या सुरुवातीलाच एक मृत्यू आहे. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात होता. धेंपोने तो २–० असा जिंकला. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि परत उठला नाही. क्लबाने त्याचा १० क्रमांकाचा सदरा कायमचा बाजूला ठेवला. त्याच मोसमात धेंपो पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. पुढे २००६–०७, मग लीगचे नाव ‘आय-लीग’ झाल्यावर २००७–०८, २००९–१० आणि २०११–१२. एकूण पाच. २००८ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात धेंपो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. आय-लीगच्या पहिल्या सहा मोसमांत, म्हणजे २००७–०८ ते २०१२–१३ या काळात, विजेता प्रत्येक वेळी गोव्याचाच होता : धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. पंधरा लाखांच्या आतबाहेरच्या लोकसंख्येचे राज्य, आणि कोलकात्याच्या लाखभर प्रेक्षकांच्या क्लबांना सहा वर्षे एकदाही पहिला क्रमांक नाही. भारतीय खेळांच्या इतिहासात एवढ्या छोट्या प्रदेशाची इतकी दीर्घ सत्ता माझ्या माहितीत दुसरी नाही.

मग एवढी उतरण कशामुळे?

सोपे उत्तर खाणींचे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणकाम थांबवले, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ती एप्रिल २०१४ मध्ये उठली, तीही वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. खाणी बंद म्हणून क्लब बंद, असे समीकरण गोव्याबाहेर नेहमी ऐकू येते. धेंपोच्या बाबतीत ते जुळत नाही. धेंपो समूहाने आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच १,७५० कोटी रुपयांना सेझा गोवाला विकला होता, आणि त्यानंतर क्लबाने दोन विजेतेपदे मिळवली. पैशाची चणचण हे कारण इतरांना लागू असेल. धेंपोच्या उतरणीचे मूळ मला दुसरीकडे दिसते.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या करारावर, आयएमजी-रिलायन्सला दिले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्मली. शहरांच्या नावाचे नवे संघ, परदेशी तारे, क्रिकेटपटू आणि सिनेमातले मालक, आणि दूरदर्शन संचावर दिसेल असे चकचकीत मैदान. ‘एफसी गोवा’ हा त्यातला एक संघ. त्याच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर होते, आणि तिसरे होते व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत. आपल्या औरंगाबादचे. ज्यांचे टीव्ही मराठवाड्याच्या घराघरांत होते त्या कंपनीचे पैसे गोव्याच्या फुटबॉलमध्ये गेले, हे किती जणांना ठाऊक असेल? प्रशिक्षक म्हणून खुद्द झिको आला. म्हणजे ज्या घराण्याचा जुना क्लब आय-लीगमध्ये होता, त्याच घराण्याची भागीदारी नव्या लीगमध्येही होती. हा दुहेरी संसार होता, आणि दुहेरी संसारात सहसा जुन्या घराकडे दुर्लक्ष होते.

धोक्याची घंटा आधीच वाजली होती, पण ती शेजारच्या घरात. २०१२–१३ चा विजेता चर्चिल ब्रदर्स २०१३–१४ मध्ये थेट खाली उतरला. त्याच मोसमात त्यांनी फेडरेशन चषकही जिंकला होता. एस्पान्योलच्या २००६ च्या मोसमाशी याचे साम्य विलक्षण आहे : हातात चषक, लीगमध्ये तळ. फरक इतकाच, की एस्पान्योलकडे जादा वेळेतला कोरो होता.

सुपर लीगचा पहिला मोसम डिसेंबर २०१४ मध्ये संपला आणि १७ जानेवारी २०१५ ला आय-लीग सुरू झाली. अकरा संघ, प्रत्येकी वीस सामने, मेअखेर समाप्ती. धेंपोच्या खेळाडूंपैकी अनेक जण मधल्या काळात सुपर लीगच्या वेगवेगळ्या संघांतून खेळून आले होते. दोन-तीन महिने निरनिराळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली, निरनिराळ्या पद्धतींनी. कुलासो २०१३ मध्येच गेले होते, रँटी त्याआधी एक वर्ष. संघात गुणवत्ता नव्हती असे म्हणता येणार नाही. मंदार राव देसाई होता, गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी होता. रोमिओ फर्नांडिस हा आसोळण्याचा चपळ विंगर तर झिकोच्या नजरेत भरला आणि मोसम सुरू असतानाच ब्राझीलच्या अ‍ॅथलेटिको परानेन्स क्लबाकडे उसना गेला. भारतीय खेळाडू ब्राझीलमध्ये खेळला, याचे कौतुक सगळीकडे झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण धेंपोला वीसपैकी एकेक सामना जड जात असताना त्यांच्या फळीतला एक खेळाडू दुसऱ्या गोलार्धात होता, हेही त्या कौतुकाशेजारी मांडून ठेवायला हवे.

बुडणाऱ्या संघाचा मोसम कसा असतो? एका मोठ्या पराभवाने कुणी खाली जात नाही. बरोबरीत सुटलेले सामने खाली नेतात. आघाडी घेऊन ती शेवटच्या पंधरा मिनिटांत घालवणे, घरच्या मैदानावर एक गुण मिळाल्यावर ‘निदान हरलो नाही’ म्हणणे, आणि मग मार्चमध्ये कधीतरी तक्ता नीट वाचायला लागणे. वीस सामन्यांच्या छोट्या लीगमध्ये सावरायला वेळ मिळत नाही. स्पेनमध्ये अडतीस सामने असतात. दहा सामने वाईट गेले तरी उरलेल्या अठ्ठावीसांत उभे राहता येते. इथे दहा सामने म्हणजे अर्धा मोसम.

तरीही त्या वर्षी धेंपो सर्वांत शेवटी नव्हता. शेवटी होता पुण्याचा भारत एफसी. कल्याणी समूहाने उभा केलेला हा संघ बोली लावून थेट वरच्या श्रेणीत आला होता, आणि अशा थेट प्रवेश घेणाऱ्या संघांना सुरुवातीच्या काही मोसमांत पदावनतीपासून अभय होते. त्यामुळे शेवटचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा गेला. पाच वेळचा विजेता खाली उतरला. त्यावर कडी म्हणजे, अभय मिळालेला भारत एफसी एका मोसमानंतर गाशा गुंडाळून मोकळा झाला. ज्याच्या पायी धेंपोची जागा गेली, तो ती जागा वापरायला थांबलाही नाही.

या नियमाचे समर्थन करता येते. नवा पैसा यायचा तर गुंतवणूकदाराला पहिल्याच वर्षी बुडण्याची भीती नको, असा विचार त्यामागे होता. पण त्याचा परिणाम काय होतो पाहा. ज्याला अभय आहे तो संघ एप्रिलमध्ये निवांत खेळतो, ज्याला नाही तो जीव मुठीत धरून. एकाच मैदानावरचे दोन संघ दोन वेगळे खेळ खेळत असतात. शिवाय रेघ सगळ्यांसाठी एकच नसेल, तर ती रेघ गुणवत्ता मोजत नाही. प्रवेशाची तारीख मोजते.

धेंपोने तक्रारीत वर्ष घालवले नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे. पाच विजेतेपदे नावावर असलेला क्लब दुसऱ्या श्रेणीत, तुरळक प्रेक्षकांपुढे खेळला आणि २०१५–१६ ची दुसरी श्रेणी जिंकून २०१६ च्या उन्हाळ्यात परत वर आला. नियमाने खाली गेले, नियमाने वर आले. रेलिगेशनच्या कहाणीचा हा सर्वांत समाधानाचा शेवट असतो.

गंमत अशी, की त्याच उन्हाळ्यात आलावेसही स्पेनच्या पहिल्या श्रेणीत परतला. कोरोच्या त्या गोलाने २००६ मध्ये बुडालेला आलावेस मधल्या काळात तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला होता, कर्जात रुतला होता. दहा वर्षांनी तो वर आला आणि पुढच्याच वर्षी राजचषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनासमोर उभा राहिला. धेंपोला वर यायला दहा वर्षे लागली नाहीत, एकच लागले. पण वर आलेला धेंपो वरच्या श्रेणीत एकही सामना खेळला नाही.

कारण मे २०१६ मध्ये महासंघाने भारतीय फुटबॉलच्या फेररचनेचा आराखडा मांडला. सुपर लीग देशाची अव्वल लीग होणार, आय-लीग दुसऱ्या पायरीवर जाणार, आणि या दोन पायऱ्यांमध्ये चढउतार नसणार. म्हणजे धेंपो ज्या मजल्यावर धापा टाकत चढून आला, तो मजलाच खाली सरकवला जाणार होता. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार जाहीर केली. पाठोपाठ धेंपोही बाहेर पडला. तिघांनी स्वतःला गोव्यातल्या स्पर्धा आणि तरुण खेळाडू यांपुरते आवरून घेतले.

या माघारीवर तेव्हा टीकाही झाली. श्रीमंत घराण्यांनी निमित्त शोधले, असे म्हणणारे होते. एका परीने त्यात तथ्य असू शकते. सुपर लीगमध्ये भागीदारी असलेल्यांनी तिच्याविरुद्ध रुसून बसावे, हे जरा अवघडच दिसते. पण क्लबाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न सरळ आहे : जिंकल्यावर कुठेच पोहोचायचे नसेल, तर वर्षाला कोट्यवधी रुपये कशासाठी खर्चायचे? २०१५ ची पदावनती धेंपोने पचवली होती. २०१६ मध्ये त्यांना कुणी हरवले नाही, त्यांच्या जिंकण्याची किंमत काढून घेतली.

या माघारीचा दुसऱ्या टोकाला जो परिणाम झाला, तो एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्याला ‘जुळवाजुळव फार झाली’ म्हटले असते.

२०१५–१६ मध्ये आय-लीगमध्ये नऊ संघ होते. शेवटचा आला पुन्हा पुण्याचाच एक नवा संघ, डीएसके शिवाजियन्स. त्यालाही अभय होते. म्हणून त्याच्या वरचा, आठवा संघ खाली गेला : मिझोरामचा ऐझॉल एफसी. ऐझॉलची बाजू धेंपोपेक्षाही दुबळी होती, ना पैसा ना इतिहास. पण गोव्याच्या क्लबांनी जागा रिकाम्या केल्या आणि महासंघाने ऐझॉलला परत बोलावले. प्रशिक्षक हवा होता. त्याच सुमारास मुंबई एफसीने आपल्या प्रशिक्षकाला नारळ दिला होता. तो म्हणजे खालिद जमील. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला हा माणूस २००९ पासून मुंबई एफसीला कसाबसा तरंगत ठेवत होता. त्याच्या कारकिर्दीत मुंबई एफसीने विजेतेपद कधी मिळवले नाही आणि खालीही कधी गेला नाही. त्याचा खेळ रुक्ष, बचावाचा, एकेक गुण जमवणारा. पाहायला मजा नाही, असे मुंबईत म्हटले जाई. तळाच्या रेघेवर सात मोसम चालत राहणे हीही एक विद्या आहे, हे मात्र कुणी फारसे म्हटले नाही.

खालिद ऐझॉलला गेला. आशुतोष मेहता आणि जयेश राणे हे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले दोघे त्याच्या संघात होते. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १–१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. ३७ गुण, मोहन बागानपेक्षा एक जास्त. वर्षापूर्वी खाली ढकललेला संघ देशाचा विजेता! आणि त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटचा आला. मधेच ओस्कार ब्रुसोन या स्पॅनिश प्रशिक्षकाला आणले गेले, पूर्वी गोव्याच्या स्पोर्टिंगला शिकवलेला माणूस, पण उपयोग झाला नाही. मुंबई एफसी खाली गेला आणि मग बंदच झाला. कुपरेजवर २००७ पासून चाललेला एक दिवा विझला. १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू करणाऱ्या शहराला त्याचे फारसे सोयरसुतक वाटले नाही.

महाराष्ट्राच्या बाकीच्या क्लबांची कथा याहून विचित्र आहे. महिंद्र युनायटेड २००५–०६ चा राष्ट्रीय विजेता. कंपनीने २०१० मध्ये संघ बंद केला. पुणे एफसी २०१२–१३ चा उपविजेता. २०१५ मध्ये वरिष्ठ संघ बंद. भारत एफसी २०१५ मध्ये बंद. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. यांपैकी एकालाही मैदानावर पदावनती मिळालेली नव्हती. एकट्या पुण्यात चार संघ आले आणि गेले, आणि चौघांपैकी एकही हरून खाली गेला नाही. रेलिगेशनमुळे क्लब मरतात, म्हणून ते नको, असा युक्तिवाद आपल्याकडे नेहमी होतो. या यादीपुढे तो कसा टिकतो, हे मला समजत नाही. आपल्याकडे क्लब मरतात ते मालकाच्या ताळेबंदात. मैदानावर उतरलेला धेंपो उलट दुसऱ्या वर्षी उठून उभा राहिला होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या मध्यस्थीने नवा आराखडा ठरला : आधी आय-लीगच्या विजेत्याला वर प्रवेश, आणि २०२४–२५ पासून चढ आणि उतार दोन्ही. चढ सुरू झाला. पंजाब एफसी २०२२–२३ मध्ये आणि मोहमेडन स्पोर्टिंग २०२३–२४ मध्ये आय-लीग जिंकून वर गेले. मोहमेडन वर जाऊन पहिल्याच मोसमात शेवटचा आला, आणि तिथेच राहिला. उतार आलाच नाही. चढाचेही नीट झाले नाही. २०२४–२५ ची आय-लीग संपल्यावर महासंघाने चर्चिल ब्रदर्सला विजेते घोषित केले. गुणांच्या वादातून प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेले आणि जुलै २०२५ मध्ये विजेतेपद इंटर काशीला मिळाले. गोव्याच्या हाती आलेला चषक कागदावरून परत गेला.

त्याच आय-लीगमध्ये, फारसा गाजावाजा न होता, धेंपो होता. आठ वर्षे राष्ट्रीय पातळीपासून दूर राहिल्यावर क्लबाने पुन्हा खालूनच सुरुवात केली. आय-लीगखालच्या श्रेणीत २०२३–२४ मध्ये तो दुसरा आला आणि वर चढला. प्रशिक्षक समीर नाईक, पाच विजेतेपदांच्या काळातला बचावपटू. या वेळी ना रँटी होता ना बेटो. संघ बहुतेक गोव्यातल्या मुलांचा. धेंपोबरोबर वर आलेला एससी बंगळुरू मोसमाअखेर दिल्ली एफसीसोबत खाली गेला. धेंपो रेघेच्या वर राहिला.